न झालेल्या लग्नाचं रुखवत

आमच्या घरी दिवाणाखाली चार खोकी होती. झाडू मारताना आई ती बाहेर ओढायची, खालची फरशी पुसायची आणि पुन्हा आत ढकलायची. आत काय आहे ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आई, पप्पा आणि मी, तिघांनी आठ महिने खपून ते केलं होतं. माझ्या लग्नाचं रुखवत होतं ते, आणि लग्न मोडलं होतं.

हे लिहायला मी बरेच दिवस कचरत होते. आमच्या घरात असं काही लिहिण्याची कोणाला सवय नाही. पप्पा दहावी झाल्यावर जळगावकडून बडोद्याला आले आणि गोरव्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले. आई आठवीपर्यंत शिकली. कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि तीही गेले चित्रकलेला. "म्हणजे मेंदीचा क्लास का?" असं आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मी "तसंच काहीसं" म्हणून मोकळी झाले. तेव्हा मला कोणाला नीट उत्तर द्यायची हिंमत नव्हती.

रुखवत म्हणजे काय हे मला माझ्या गुजराती मैत्रिणींना नेहमी समजावून सांगावं लागायचं. लग्नाच्या हॉलमध्ये एक लांब टेबल असतं, त्यावर नवरीकडचे लोक हातानं केलेल्या वस्तू मांडतात. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, तांदळाचं तुळशीवृंदावन, रंगीत कुरडया, लोकरीचं तोरण, नारळाला नाक-डोळे लावून, लुगडं नेसवून केलेली विहीणबाई. जेवणाच्या आधी बायका घोळक्यानं येतात, वस्तू उचलून बघतात आणि विचारतात, "हे कुणी केलं?" उत्तर ठरलेलं असतं, "सगळं नवरीनंच केलंय हो." आई, मावश्या, शेजारणी यांनी बोटं झिजवलेली असतात, पण नाव नवरीचं. यात कुणी खोटं बोलतंय असं कुणाला वाटत नाही. रीतच आहे.

आमच्याकडे कुरडया, पापड आणि तोरण आईनं केलं. पप्पांनी कारखान्यात सुट्टीच्या वेळी लेथवर पितळेची भातुकली केली, बोटाच्या पेराएवढी पातेली, एक जातं, एक बंब. बंबाला त्यांनी खरोखर फिरणारी तोटी बसवली होती. आई म्हणाली होती, "अहो, नवरीनं केलं म्हणून सांगायचंय. ही तोटी कुणाला पटेल?" पप्पा म्हणाले, "सांग, नवरीला लेथ येतं." सुपाऱ्या, नारळ, तांदळाचं वृंदावन माझं. विहीणबाईचा नारळ करताना मी नाक जरा चपटं केलं आणि तो हुबेहूब माझ्या होणाऱ्या सासूबाईंसारखा दिसायला लागला. आई आणि मी इतक्या हसलो होतो की आईला ठसका लागला.

लग्न कसं मोडलं ते सांगते. त्यात माझी एक चूक आहे.

कागदाची एक बाजू कोरी ठेवायची नाही ही आमच्या घरची सवय. माझ्या कॉलेजच्या स्केचबुकात मी पुढून लाइफ क्लासची चित्रं काढत होते आणि मागून, वही उलटी धरून, रुखवताचे नमुने. कुठली वस्तू कुठे मांडायची, तोरणाचे रंग कुठले, सगळं त्यात. लाइफ क्लास म्हणजे समोर माणूस बसवून त्याचं शरीर बघून काढायचं. आमच्या वर्गात एक म्हातारे काका यायचे, सत्तरीच्या पुढचे, गुजराती. कमरेला एक पंचा गुंडाळून ते लाकडी चौथऱ्यावर बसायचे आणि दहा मिनिटांत डुलक्या घ्यायला लागायचे. त्यांच्या बरगड्या, पोटावरच्या वळ्या, गुडघ्याची वाटी हे सगळं मी त्या वर्षी पन्नासेक वेळा तरी काढलं असेल. त्याआधी मला माणसाचा खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो हेही कळत नव्हतं.

एका रविवारी सुरतेहून मुलाची आई आणि काकी आल्या, रुखवताची तयारी बघायला. मी आत पोहे परतत होते. आईला माझं फार कौतुक होतं. ती त्यांना म्हणाली, "हिनं सगळं वहीत काढून ठेवलंय, बघा तरी." आणि तिनं स्केचबुक त्यांच्या हातात दिलं आणि ताटल्या घ्यायला आत आली. काकीबाईंनी वही हातात घेतली, उलटी आहे असं वाटून सुलटी केली आणि पहिल्या पानापासून उघडली.

मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत होत्या. वही सोफ्यावर मिटून ठेवलेली होती. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "निघतो आम्ही. गाडीची वेळ होईल." गाडीला अजून तीन तास होते.

दोन दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. आई फोनवर "हो, हो" म्हणत होती. फोन ठेवून ती जमिनीवरच बसली. "म्हणतायत, मुलगी उघडी माणसं काढते."

मुलाचा मला एक मेसेज आला. "मम्मी नाही म्हणते. सॉरी." मी "बरं" असं लिहिलं. अजूनही मला त्या "बरं"ची लाज वाटते. त्याच्याशी मी आठ महिने रोज बोलत होते, आणि शेवटी माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

आईनं लोकांना सांगितलं की मुलाचं ट्रेनिंग लागलंय, लग्न पुढे ढकललंय. मग आम्हीही तेच सांगायला लागलो. दुधवाल्याला, मंडळातल्या बायकांना, जळगावच्या आत्याला. "दिवाळीनंतर बघू," आई म्हणायची. मला वाटायचं, दिवाळीनंतर काय सांगणार आहोत? पण विचारायची सोय नव्हती. स्केचबुकाचं नाव निघालं की ती म्हणायची, "ते माझ्यासमोर आणू नकोस." पुढची पानं तिनं कधी उघडून बघितली नव्हती. मी ते गादीखाली ठेवलं.

माझं शेवटचं वर्ष होतं. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे डिस्प्ले असतो. प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा मिळतो, त्यावर वर्षभराचं काम मांडायचं, बाहेरून परीक्षक येतात, तुम्ही समोर उभं राहून बोलायचं. त्यावरच पास-नापास. आणि माझ्याकडे मांडायला काही नव्हतं. लग्न मोडल्यापासून मी रोज कॉलेजला जात होते, कॅनव्हाससमोर स्टूल ठेवून बसत होते आणि पाच वाजता ब्रश न भिजवता परत येत होते. आमच्या मॅडम एकदा शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या कमी बोलायच्या. म्हणाल्या, "भिंत रिकामी राहिली तर वर्ष जाईल. माहितीये ना?"

वर्ष गेलं असतं तर मला कॉलेज संपवता आलं नसतं हे मला पक्कं माहीत होतं. आईनं स्पष्टच सांगितलं होतं, "एवढं झालं ते या चित्रांमुळे. या वर्षी सुटलीस तर सुटलीस. पुन्हा वर्षभर त्या कॉलेजात मी पाठवणार नाही. पार्लरचा कोर्स कर, नाहीतर शिवण शीक." पप्पा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "पूर्ण करू दे की." आई म्हणाली, "तुम्ही बोलू नका." पप्पांनी पेपरचं पान उलटलं.

मग मावशी आली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, बडोद्यातच हरणीला राहते. तिच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. चहा पिता पिता तिनं विषय काढला. "ताई, एक बोलू? रागावू नकोस. तुझ्याकडे ते रुखवत पडूनच आहे ना?"

आईनं कप खाली ठेवला.

"आमच्याकडे कुणाला वेळ आहे गं? मी नोकरीला, ही नोकरीला. विकतचं आणायचं म्हटलं तर ते सगळीकडे एकसारखं दिसतं. तुझं कसं घरचं आहे. हॉल वेगळा, माणसं वेगळी, कुणाला कळणार?"

"अगं पण ते..." आई म्हणाली.

"अपशकुन वगैरे काही नसतं. सप्तपदीच्या ताटातली नावं तेवढी खरवडून टाक. बाकी तर सुपाऱ्याच आहेत."

सप्तपदीचं ताट मी केलं होतं. सात सुपाऱ्या, सात छोटी पावलं आणि कडेला जिऱ्याच्या दाण्यांनी चिकटवलेली दोन नावं, त्याचं आणि माझं. आईनं उठून खोकं बाहेर ओढलं. ताट काढलं. मग कपाटातून ब्लेड आणलं आणि चटईवर बसून ती नावं खरवडायला लागली. आधी त्याचं खरवडलं. जिरं टकटक उडत होतं. मग ती माझ्या नावाकडे आली, पहिली अक्षरं खरवडली.

मी तोपर्यंत दारातच उभी होते. मला स्वतःला कळलं नाही मी कधी पुढे झाले. मी ताटाला धरलं. "हे नाही द्यायचं," मी म्हणाले.

"हातात ब्लेड आहे माझ्या," आई म्हणाली.

"मग ठेव ते खाली. हे माझं आहे. मी केलंय."

मावशी हसली. "अगं, लग्नच नाही तर रुखवत घेऊन काय करणार तू? मांडून बसणार?"

"हो," मी म्हणाले. "मांडणार. माझ्या भिंतीवर."

खरं तर तोपर्यंत असं काही माझ्या मनात नव्हतं. मी मावशीला उत्तर द्यायचं म्हणून बोलले आणि बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी खरंच तसं करणार आहे. मी घरात आवाज चढवणारी मुलगी नाही. आजही नाही. पण त्या दिवशी माझं अर्धं नाव पुसलेलं ताट मी छातीशी धरून उभी होते आणि ते सोडायचं नाही एवढंच मला कळत होतं.

मावशी गेल्यावर आईनं खोकं पायानं आत ढकललं. "कर काय करायचं ते," ती म्हणाली. तिला वाटलं असणार की मी काही करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईचा नारळ ओढणीत गुंडाळून कॉलेजात नेला. स्टुलावर ठेवला आणि काढायला बसले. मला ती बाई कुरूप काढायची होती, अगदी ओळखू येईल अशी कुरूप. राग येत होता तेवढा सगळा त्या चपट्या नाकात ओतायचा होता. पण लाइफ क्लासची सवय वाईट. एकदा बघायला बसलं की समोर जे आहे तेच काढावं लागतं. नारळाच्या शेंडीचं एक टोक वाकडं झालं होतं. टिकली सरकली होती. डाव्या डोळ्याचा मणी निघून तिथे डिंकाचा पिवळा ठिपका राहिला होता. मी तो ठिपका काढला. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते, आणि उठले तेव्हा कित्येक आठवड्यांनी माझ्या बोटांना रंग लागलेला होता.

मग मी एकेक वस्तू न्यायला लागले. रोज एक, खांद्याच्या पिशवीतून. आई कुठल्या वेळी पाणी भरते ते बघून निघायचे. तोरण काढायला चार दिवस लागले, कारण आईनं त्यात गाठी इतक्या बारीक घातल्या होत्या की मला त्या आधी कधी दिसल्याच नव्हत्या. तिच्यासोबत बसून ते विणताना मी फक्त हातभार लावत होते, बघत नव्हते. काढताना कळलं की ती प्रत्येक फुलाच्या मागे एक हिरवी गाठ लपवायची, म्हणजे फूल पुढे उभं राहील. कुणाच्या लग्नात कुणी टेबलाच्या मागे जाऊन तोरण बघत नाही. तरी तिनं ती गाठ घातली होती. पप्पांच्या बंबाच्या तोटीवर सुताएवढे आटे होते. ते काढताना मी हळूहळू रडायची थांबले. म्हणजे मी ठरवून थांबले नाही. डोळ्यांत पाणी आलं की आटे दिसत नसत, म्हणून ते पुसावं लागे, आणि पुसून पुसून ते येईनासं झालं.

मोठं चित्र राहिलं होतं. ते कशाचं करायचं ते मला आधीपासून माहीत होतं, पण मी घाबरत होते.

एका दुपारी मी त्या लाइफ क्लासच्या काकांना गाठलं. ते कॉलेजच्या फाटकाजवळ चहा पीत होते. मी त्यांना हिंदी-गुजराती मिसळून सगळं सांगितलं. वही, सुरतेच्या बायका, फोन. ते ऐकत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "मारे लीधे थयुं?" माझ्यामुळे झालं?

"नाही काका. पण मला तुम्हाला रुखवतात बसवायचंय. टेबलाशेजारी. नवऱ्यामुलाच्या जागी म्हणा हवं तर."

ते इतके हसले की चहावालाही वळून बघायला लागला. "केम बेटा, हवे मारां लग्न कराववानां छे? घरे डोसी मारशे!" आता माझं लग्न लावतेस की काय, घरी म्हातारी मारील म्हणाले.

पण आले. मी वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर तोवर नेलेलं सगळं मांडलं होतं. काकांनी आज कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घातला होता, वरच्या बटणापर्यंत. मी म्हणाले, "काका, तुम्हाला हवं तसं बसा. शर्ट असू द्या." मला खरंच तसं वाटत होतं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसेल. त्यांनी छताकडे बघितलं. पंखा नादुरुस्त होता. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. "पंखो बंध छे, ने शर्ट पहेरीने बेसुं?" म्हणून त्यांनी सरळ शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि नेहमीसारखे बसले. सुपाऱ्यांकडे, कुरड्यांकडे बारकाईनं बघितलं. थोड्या वेळानं डुलकी लागली.

तसंच काढलं मी त्यांना. सहा फुटी कॅनव्हासवर. मांडलेलं रुखवत, आणि शेजारी एक उघडा म्हातारा झोपलेला.

डिस्प्लेच्या आदल्या दिवशी उरलेल्या वस्तू न्यायच्या होत्या, बाकीची पितळेची भातुकली आणि तांदळाचं वृंदावन. त्या पिशवीत मावेनात. पप्पांनी सकाळी मला खोक्यापाशी घुटमळताना बघितलं. त्यांनी काही न विचारता कारखान्यातून आणलेली एक लाकडी पेटी काढली, आत भुसा पसरला, भातुकली एकेक करून ठेवली आणि पेटी स्कूटरवर पुढे बांधली. चार वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या कॉलेजात आले. काकांच्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "गुडघा बरोबर आलाय." आणि ड्युटीवर गेले.

आईला संध्याकाळी कळलं. झाडू मारताना खोकी हलकी लागली असणार. मी घरी आले तेव्हा ती दिवाणावर बसली होती, समोर चारही रिकामी खोकी.

"कुठंय?"

"कॉलेजात."

"तिथं मांडलंस? लोकांसमोर?" तिचा आवाज बसला होता. "मी इतके महिने झाकत आले. ट्रेनिंग म्हणाले, दिवाळी म्हणाले. आणि तू माझी अब्रू टेबलावर मांडलीस?"

"माझीही आहे ती. मला झाकायची नाही."

"तुझं तू मांड. सुपाऱ्या मांड. माझं तोरण कुणाला विचारून नेलंस? रुखवतात मी हात घातला तो तुझ्या लग्नासाठी. तुझ्या परीक्षेसाठी नाही."

ते तिचंच होतं आणि मी तिला विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "उद्या ये आणि तुझं घेऊन जा. मी अडवणार नाही. पण मी काढलेली चित्रं तिथेच राहतील."

"येते," ती म्हणाली.

आणि ती आली. अकराच्या सुमारास, मावशीला घेऊन, हातात मोठी कापडी पिशवी. मी तिला लांबूनच बघितलं. वर्गात गर्दी होती, मुलांचे पालक, आधीच्या वर्षांचे विद्यार्थी. आई भिंतींना टेकून टेकून येत होती, कुणाला धक्का लागू नये म्हणून. माझ्या टेबलाजवळ आली. तिथे मी एक कार्ड लावलं होतं. ते मी नऊ वेळा लिहून फाडलं होतं. शेवटी एवढंच राहिलं: कुरडया, पापड, तोरण आईनं केलं. पितळेची भातुकली पप्पांनी लेथवर केली. सुपाऱ्या, नारळ, वृंदावन आणि चित्रं मी केली. लग्न झालं नाही.

तिनं ते वाचलं. मावशीनं मोठ्यानं वाचलं. "बघ ताई! लिहूनच टाकलंय!"

आईनं पिशवी उघडली आणि तोरणाला हात घातला. मग तिची नजर वर गेली, मोठ्या चित्राकडे. ती थांबली.

"हा कोण?"

"लाइफ क्लासचे काका," मी म्हणाले. "त्या वहीतले."

"वहीतले?"

"हो. तेच."

आई चित्राच्या जवळ गेली. पार नाकाला लागेल इतकी जवळ. काकांच्या पोटाच्या वळ्या, लोंबलेली छाती, उघडं राहिलेलं तोंड. मग मागे झाली. मला वाटलं, आता ती मला सगळ्यांसमोर मारणार.

"हा म्हातारा?" ती म्हणाली. "ह्या म्हाताऱ्यासाठी? ह्याला बघून पोहे टाकून गेल्या त्या?" तिचा आवाज चढत गेला. "मला वाटलं, कोण जाणे काय... अगं, आमच्या अण्णांना, तुझ्या आजोबांना, शेवटचं वर्षभर मी न्हाऊ घालत होते, ते काय वेगळे दिसायचे? हे बघून लग्न मोडलं? मूर्ख बायका!"

"ताई, हळू," मावशी म्हणाली.

"का हळू? त्यांनी काय हळू केलं?"

लोक बघायला लागले होते. त्याच वेळी गोत्री भागातल्या एक बाई, माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आई, टेबलाशी येऊन कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, रुखवत! आपल्याकडचं! किती सुबक आहे हो. लग्न कधी आहे?"

कार्ड त्यांनी वाचलं नव्हतं. आईनं तोंड उघडलं. "ते जरा पुढे..." ती म्हणाली, आणि थांबली. मी तिच्याकडे बघत होते. इतके महिने रोज बोललेलं वाक्य होतं ते, तोंडात तयार असायचं. मी तिला मदत केली नाही. मला करायची नव्हती.

"मोडलं," आई म्हणाली. "सुरतेच्या लोकांनी मोडलं. आम्ही नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या.

"अरेरे काही नाही." आईनं तोरण सारखं केलं. एका बाजूचं फूल उलटं लटकलं होतं, ते सुलटं केलं. "हे मी विणलंय. ते खाली ठेवलंय ना, बंब, तोटी फिरते त्याची, फिरवून बघा. ह्यांनी केलाय."

मावशीनं पिशवीकडे बघितलं, मग आईकडे. "मग न्यायचं नाही का?"

आई बाईंना कुरड्यांचा रंग कशाचा ते सांगत होती. बीट, पालक, हळद. बाजारचा रंग घातला तर तळताना उडतो, हेही.

तेवढ्यात मॅडम परीक्षकांना घेऊन आल्या. दोन पुरुष, एक बाई. त्यांच्यातले एक इंग्रजीत म्हणाले की कामाबद्दल सांगा. मी इंग्रजीत चार ओळी पाठ केल्या होत्या, त्यातली एकही आठवेना. आई मागे सरकली नव्हती. ती टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरलेली, आणि परीक्षकांकडे असं बघत होती की जणू म्हणतेय, काय विचारायचंय ते विचारा बघू.

मी हिंदीत सुरुवात केली. "माझं लग्न ठरलं होतं आणि मोडलं," मी म्हणाले. परीक्षकांनी मान वर केली. माझा आवाज पुरेसा मोठा होता, शेजारच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू गेला असेल. "कारण मी माणसं बघून काढते. त्यानंतर मी काय काढलं, ते आता दाखवते."